सरीत सोडलेला गॅस

गाडीत गॅसचा वास येत होता आणि तो फक्त मला येत होता.

गॅस म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. शेगडीचं बटण अर्धवट राहिलं की येतो तो, सडक्या कांद्यासारखा. एसी लावला की पुढच्या जाळीतून आधी गार वारा यायचा आणि वाऱ्याच्या पाठोपाठ हा वास. थोडा वेळ राहायचा, मग जायचा. किंवा जात नसेल, नाकाला सवय होत असेल. हे मला नंतर सुचलं, आणि सुचल्यावर बरं वाटलं नाही.

"अहो, गॅसचा वास येतोय."

"तुझ्या हाताला येत असंल."

"हात मी धुते."

"मग पदराला."

यांना वास येत नाही. मिसरूड फुटलं तेव्हापासून तपकीर ओढतात. दूध करपलं, पोटमाळ्यावर उंदीर मेला, यांना पत्ता नसतो. अशा माणसानं मला वासाचं शिकवावं.

गाडी आमची पांढरी आणि जुनी. मांजरीतल्या जमिनीचा एक तुकडा इमारतीला गेला तेव्हा यांनी ती एका साहेबाकडून घेतली, आणि तेव्हाही ती जुनीच होती. पण एसी होता. आमच्या आळीत एसीची गाडी कुणाकडे नव्हती. माणसं खिडकीतून आत हात घालून बघायची. यांचा चुलत भाऊ तर म्हणाला होता, "दादा, गाडी घेतलीय का फ्रीज? मटकी ठेवायची का आत?" हे चिडले, पण आतून खूश होते. चारचौघांत गारव्याची गोष्ट निघाली की यांची मान ताठ होते.

तो एसी चालायचा जुन्या गॅसवर. पुढे तो गॅस मिळेनासा झाला. त्यानं आभाळाला भोक पडतं म्हणे, म्हणून सरकारनं बंद केला. हे गॅरेजा-गॅरेजांतून हिंडले. सगळीकडे एकच उत्तर. नव्या गॅसवर करून घ्या, पण नुसता गॅस बदलून चालत नाही. जुनं तेल नव्या गॅसबरोबर फिरत नाही, तेव्हा ते काढायचं, पाइप आतून धुवायचे, सांध्यातली रबरं बदलायची, ओल शोषणारा ड्रायर बदलायचा. हे घरी येऊन म्हणायचे, "लुटारू हायेत सगळे. चहा बदलला म्हणून कपबशी फोडायची का?"

मग गेल्या उन्हाळ्यात बायपासला एक माणूस भेटला. कडुनिंबाखाली पाटी टांगलेली, कार एसी गॅस. तो म्हणाला, काही बदलायला नको, नवा गॅस आहे, असाच भरतो. मी गाडीतच बसले होते. त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली टाकी आणली. गोणपाट सरकलं तिथे लाल रंग दिसला.

मी तिथल्या तिथे यांना म्हणाले, "अहो, ही तर आपल्या शेगडीची टाकी."

"गप बस. टाक्या सगळ्या सारख्याच असत्यात."

तो माणूस हसला. म्हणाला, "आजीबाई, गारठलात तर मला नावं ठेवू नका."

आणि खरोखर गारठले. गाडी इतकी गार कधीच झाली नव्हती. हडपसरला पोचेपर्यंत माझे गुडघे धरले. हे सगळ्या गावाला सांगत सुटले, गाडी नव्या गॅसवर केली, लुटारूंना काय कळतंय. मला त्या गारव्याचीच भीती वाटायला लागली. स्वस्तात एवढं चांगलं काही मिळत नाही.

वास हिवाळ्यानंतर सुरू झाला.

यांची एक सवय आहे. डॅशबोर्डवर छोटा गणपती चिकटवलेला आहे. सकाळी गाडीत बसलं की आधी त्याच्यापुढे उदबत्ती, मग किल्ली. गाडी रात्रभर पत्र्याच्या शेडमध्ये, काचा बंद. हे आत बसायचे, दार ओढून घ्यायचे, वाऱ्यानं काडी विझू नये म्हणून. मग काडी ओढायचे.

मी वासाचं बोलायला लागले तेव्हा यांनी काय करावं? एकाऐवजी दोन उदबत्त्या लावल्या. काचा वर, एसी चालू, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घे. आता येतोय का वास?"

मी दार उघडून उतरले.

"कुठं चाललीस?"

"चालत."

"देवाचा वासपण सोसंना का तुला?"

त्या दिवसापासून सकाळी मी शेडकडे बघत ओसरीवर उभी राहायची. काडीचा आवाज यायचा, काचेआड पिवळं दिसायचं, मग हे हात जोडायचे. तोवर मी श्वास धरून असायची. काडेपेटी मी दोनदा उचलून मोरीत टाकली. यांनी नवी आणली. बांधून ठेवता येईल असा माणूस नाही हा.

माझं वय झालंय. यांचंही झालंय. आम्हा दोघांचं त्या गाडीत काय व्हायचं ते झालं असतं तर मी एवढं मनाला लावलं नसतं. पण नात यायची होती.

नात म्हणजे माझ्या लेकीची मुलगी. लेक तापानं गेली तेव्हा ही शाळेत होती. जावयानं दुसरं लग्न केलं, पोर आमच्याकडे वाढली. तिचं माहेर म्हणजे आम्हीच. लग्न होऊन ती खडकवासल्याच्या पलीकडे राहायला गेली, नवरा तिकडेच नोकरीला. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात आणायचं, कारण आठव्यात बाईला हलवत नाहीत. सातवा सरत आला होता आणि ऊन असं की डांबर मऊ झालेलं.

ती फोनवर म्हणाली, "आजोबा, मी कॅब करून येते ना. उगाच कशाला तुम्ही एवढ्या ट्रॅफिकमध्ये?"

"दारात एसीची गाडी असताना माझी नात भाड्याच्या गाडीतनं येणार? मी मेलो काय?"

मी फोन घेतला. "त्या गाडीत बसायचं नाही. गॅसचा वास येतो."

"आजी, तू ना फार टेन्शन घेतेस. कार फ्रेशनर लावा एक, मस्त मिळतात."

"काय करायचा तो? वास मला झाकायचा नाहीये."

"बरं बरं. आजोबांना नाही म्हणू का मी? किती वाईट वाटेल त्यांना."

यांना वाईट वाटेल, पोरीला हसू येईल, आणि मी म्हातारी भित्री. एवढ्यावर ते ठरून गेलं.

आमचा गॅसवाला सांगतो तसं मी करून बघितलं. नळी गळते का हे काडीनं नाही, साबणाच्या फेसानं बघायचं. बॉनेट उघडायला लावलं आणि दिसतील त्या सगळ्या पाइपांना फेस लावला. एक बुडबुडा आला नाही. हे बाजूला उभे राहून बघत होते.

"झाली का धुणी? आता खंगाळून वाळत घाल."

बुडबुडा आला नाही म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. पुढे गळत नव्हतं, म्हणजे गळत होतं ते आत. जिथे हात पोचत नाही तिथे. जिथून वारा येतो तिथे.

मग गारवा कमी झाला. गॅस जात होता तर तो कमी होणारच. यांना मान्य करायचं नव्हतं, जाळीपुढे हात धरून म्हणायचे, आहे की गार. मी वासाचं नाव काढणं सोडलं. म्हटलं, "गार होत नाही. पोट घेऊन पोरगी घामानं निथळेल, आणि तिच्या सासरचे बघत असतील."

यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी गाडी हडपसरच्या एका एसीच्या गॅरेजात नेली, थोडा गॅस वर भरून घ्यायला. मीही गेले. काचा चारही खाली ठेवल्या. हे म्हणाले, धूळ येती. मी म्हटलं, येऊ दे.

गॅरेजवाला जवान माणूस, तोंड चालू. शेजारी चहाची टपरी, पलीकडे लोखंडी खिडक्या बनवणाऱ्याचं दुकान, तिथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या.

"बोला काका, काय त्रास?"

"त्रास काय न्हाय. नवा गॅस हाय, थोडा वर भरायचा."

"नवा कधी केला?"

"गेल्या उन्हाळ्यात."

त्यानं वाकून पाइपावरची टोपी काढली, आत बघितलं आणि यांच्याकडे बघितलं. "काका, गॅस भरायचं तोंड तर जुनं आहे."

"म्हंजे?"

"नव्या गॅसला तोंड वेगळं लागतं. त्याची नळी या तोंडावर बसतच नाही. नवा गॅस यात गेलेलाच नाही. मग भरलं काय त्यानं? सरबत?"

"थंड होती की गाडी. लई थंड."

त्यानं खिळ्यासारखं काहीतरी त्या तोंडात जरासं दाबलं. फुस्स झालं. त्यानं नाक पुढे केलं आणि लगेच मागे घेतलं. मग मला त्याचा चेहरा दिसला. तोवरची सगळी बडबड बंद.

तो वळून ओरडला, "ए, वेल्डिंग बंद कर! बंद कर म्हणतो ना! ओ मामा, ती विडी विझवा आधी!"

टपरीवरचा विडीवाला म्हणाला, "का, बायकोनं सोडायला सांगितली काय तुझ्या?"

"विझवा हो!"

विडी विझली. त्यानं आणि आणखी दोघांनी गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला मोकळ्यावर नेली. गाडी सुरू करू दिली नाही. तिथे उभं राहून तो यांना म्हणाला, "काका, घरातल्या सिलिंडरचा गॅस आहे हा. एसीत भरलाय. थंड करतो, चांगला करतो, म्हणून तर हे लोक भरतात. गळत कुठे असेल तर आतल्या कॉइलला, डॅशबोर्डच्या मागे. गाडीत कुणी सिगरेट वगैरे ओढत नाही ना?"

"न्हाय," हे म्हणाले.

"उदबत्ती लावतात," मी म्हणाले. "काचा बंद करून. रोज."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गाडीकडे. मग म्हणाला, "आजी, तुमचं नशीब पेपरात छापण्यासारखं आहे."

हे म्हणाले, "तसं असतं तर आजवर झालं नसतं का?"

आत साठलेलं जावं म्हणून गॅरेजवाल्यानं गाडीची चारही दारं उघडली.

गाडी नव्या गॅसवर खरोखरीची करायचं ठरलं. यांनी मान डोलावली, तीही अशी की गॅरेजवाल्यावर उपकार करतायत. पण आधी हा गॅस काढायला हवा. मशीननं ओढून घेता येत नव्हता, मशीन बिघडतं आणि धोका वेगळाच. तिथे वस्तीत सोडता येत नव्हता. गॅरेजवाला म्हणाला, मोकळं रान कुठे आहे?

रान आमच्याकडे होतं. विकून राहिलेला उसाचा तुकडा, तोड नुकतीच झालेली. आसपास घर नाही, वर तारा नाहीत. हे म्हणाले, "त्यात काय. आमच्या रानात सोडू."

गाडीतला वास गेल्यावर, एसी न लावता, काचा उघड्या ठेवून आम्ही मांजरीला गेलो. गॅरेजवाला मागून मोटरसायकलवर. दुपार टळली होती. खालच्या अंगाला धूर दिसत होता. तोडणीनंतर सगळीकडे पाचट जाळतात, त्या दिवसांत धूर नाही असं रान दाखवा. मी म्हटलं, "खाली पेटलंय."

"लांब हाय ते," हे म्हणाले.

गाडी वरच्या बांधाशी उभी केली. गॅरेजवाल्यानं तोंडाला लांब नळी जोडली आणि ती गाडीपासून थोडी दूर जमिनीवर टाकली. तेव्हा यांनी हात वर केला.

"हितं नगं. गाडीच्या बुडाशी साचंल. सरीत सोड. उतार हाय, वाहून जाईल खाली."

"काका, हवा आहे. पाणी थोडंच आहे वाहायला?"

"अरे सोड तू. सरीत सोडलं की मागं येत न्हाय."

जन्मभर यांनी रानात जे नको ते सरीतच सोडलंय. जास्तीचं पाणी, फवाऱ्याचं उरलेलं, गोठ्याचं धुणं. सरी खाली घेऊन जाते, खाली दुसऱ्याचं रान असतं. गॅरेजवाल्याला रानातलं काही कळत नव्हतं आणि यांना गॅसमधलं. त्यानं खांदे उडवले आणि नळीचं तोंड सरीत ठेवलं.

बटण फिरवलं. सापासारखा आवाज. नळीच्या तोंडावर पांढरं दव धरलं, भर उन्हात. वारा पडलेला होता. हे दोघं तिथे उभे राहून गाडीच्या इंजिनाबद्दल बोलायला लागले. गॅरेजवाला म्हणाला, "वास तर काहीच येत नाही इथे. बघा, उडून गेला."

मला येत होता. पण उभी राहिले की नाही. पदर सावरायला वाकले तर आला, गुडघ्याच्या खाली, घोट्याशी. सरळ झाले, गेला. पुन्हा वाकले, आला. मी सरीतून खाली चालायला लागले, खुरपायला वाकावं तशी वाकून. वास माझ्याबरोबर चालत होता. कुठेच उडून गेला नव्हता. हे म्हणाले होते तसाच, पाण्यासारखा, सरी धरून खाली चालला होता.

सरी खालच्या बांधाशी जाऊन मिळते. बांध तिथे फुटलेला आहे, पाटाला वाट म्हणून. पलीकडचं रान यांच्या चुलत भावाचं. मी मान वर केली तर भाऊजी समोर. दाताळ्यानं पेटतं पाचट ओढत बांधाकडेच आणत होते, एक ढीग संपला की दुसऱ्याला लावायला.

"भाऊजी! थांबा! आग मागे घ्या!"

"काय वैनी?" ते कानाला हात लावून दोन पावलं आणखी पुढे आले.

"मागे! मागे जा!"

"चहा? नको, आत्ताच झाला!"

मी सरीतून उडी मारून वरंब्यावर गेले. उडी म्हणजे काय, पडलेच. बघितलं एवढंच की फुटक्या बांधाशी काहीतरी निळं झालं, फार उंच नाही, वीतभर, आणि ते सरी धरून वर धावत गेलं. आवाज नाही म्हणावा इतका कमी. फडकं झटकल्यासारखा. वाटेतलं वाळलं पाचट मागे पेटत राहिलं आणि निळं पुढे गेलं, नळीकडे. गाडीकडे. हे तिथे उभे होते, चिमटीत तपकीर धरून.

मी ओरडले का ते आठवत नाही.

नळीच्या तोंडाशी जाऊन ते थांबलं आणि तिथेच जळायला लागलं. शेगडीच्या बर्नरसारखं, फर्रर्र करत. गॅरेजवाल्यानं आधी उलटी उडी मारली, मग शुद्धीवर येऊन पलीकडून जाऊन बटण फिरवलं. ज्योत बसली. आम्ही सरीतलं पाचट मातीनं विझवलं. भाऊजी बांध ओलांडून आले, त्यांच्या पायाच्या नडगीवरचे केस जळले होते आणि त्याचं त्यांना जास्त आश्चर्य वाटत होतं.

गॅरेजवाला वरंब्यावर बसला. मग म्हणाला, "राहिलेला जाळूनच टाकू. तेच बरं."

गाडी ढकलून लांब केली, तेवढी नळी पुरत नव्हती म्हणून आणखी एक जोडली. मग त्यानं स्वतः काडी लावली आणि उरलेला गॅस जळू दिला. आम्ही चौघं उभे राहून बघत होतो. संपेचना. निळी ज्योत, मध्येच पिवळी व्हायची, पुन्हा निळी. मी एवढाच हिशेब करत होते की हे सगळं पोरीच्या पुढ्यात असतं, गणपतीच्या मागे, आणि काचा वर.

भाऊजी म्हणाले, "वैनी, आधण ठेवा की. जातोय वाया."

यांच्या चिमटीतली तपकीर कधीच सांडली होती. यांनी ज्योत संपेपर्यंत तिच्यावरचे डोळे काढले नाहीत आणि संपल्यावर एकच वाक्य बोलले. "वारा पडला म्हणून झालं."

गॅरेजात पुढे सगळं नीट झालं. मी रोज जाऊन बसत होते. गॅरेजातल्यांना ते आवडत नव्हतं, पण म्हातारीला हाकलणार कसं? डॅशबोर्ड उकलला. आतली कॉइल खालच्या बाजूनं हिरवी पडून सडलेली निघाली, ती नवी घातली. जुनं तेल काढलं, ते करपलेल्या काकवीसारखं होतं. पाइप धुतले, रबरं बदलली, ड्रायर बदलला, नवी तोंडं बसवली. मग एका मशीननं आतली सगळी हवा ओढून घेतली आणि काटा बघत बसले. काटा जागचा हलला नाही तर गळती नाही. काटा हलला नाही. मग नवा गॅस भरला.

मी विचारलं, "याला वास कसला असतो?"

"नसतो, आजी."

"मग गळला तर कळायचं कसं?"

"कूलिंग कमी होईल ना."

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाही. पण हा पेटत नाही. काळजी सोडा."

"श्वासात गेला तर?"

"आजी, तुम्हाला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं." मग जरा विचार करून म्हणाला, "बंद जागेत फारच साठला तर गुदमरायला होतं. पण गाडीत असतो एवढासा, आणि इथे गळत नाहीये."

तो खरं बोलत होता, हे मला कळत होतं. तरी ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं. शेगडीचा गॅस निदान सांगून येत होता. हा न सांगता येणारा.

दुसऱ्या सकाळी यांनी उदबत्ती लावली ती गाडीच्या बाहेर उभं राहून, बॉनेटवर बटाट्यात खोचून.

नातीला आणायला आम्ही दोघं गेलो. तिच्या सासूनं ओटी भरली, दहीसाखर हातावर ठेवली, "एसी आहे ना हो गाडीला?" असं दोनदा विचारलं. हे म्हणाले, "हाय तर. नवा केलाय सगळा." नात मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली. मी पुढे बसले, जाळीच्या समोर. जे काही यायचं ते आधी माझ्या नाकात यावं म्हणून. पण यायचं होतं त्याला वास नव्हता, तेव्हा माझ्या नाकाचा उपयोग काय, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

"आजी, कसलं भारी गार होतंय गं! आणि तू म्हणत होतीस बसू नको."

"हं."

रानातलं आम्ही तिला सांगितलं नव्हतं. पोटुशीला असलं सांगत नाहीत.

धरणाजवळून निघालो तेव्हा ती बडबडत होती. डॉक्टरीण काय म्हणाली, नवऱ्याला वरणभातसुद्धा करता येत नाही, बाळ रात्री कसं लाथा मारतं. मग बोलणं विरळ झालं. मग थांबलं. स्वारगेटला पोचलो तर चारी बाजूंनी गाड्या आणि बस, सिग्नल दोनदा सुटूनही आम्ही जागचे हललो नाही. काचा वर होत्या. आत आवाज फक्त वाऱ्याचा.

मी मागे वळले. तिची मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं. ओढणी पोटावर. मी छातीकडे बघत राहिले. ओढणीखाली काही हलताना दिसेना.

"ए पोरी."

उत्तर नाही.

"ए बाई, ऊठ."

यांनी आरशात बघितलं. तेवढ्यात मी हात मागे घालून तिच्या पोटरीला चिमटा काढला होता, चांगला करकचून.

"आई गं! आजी! काय झालं?"

"झोपू नको."

"का पण? मला रात्रभर झोप नसते."

"पोटात हलतंय का?"

"तेपण झोपलंय. गार वाटतंय आम्हाला दोघांना. झोपू दे ना गं." आणि तिनं पुन्हा डोळे मिटले.

गारव्यानं झोप येते. उन्हातून आलेल्या गरोदर बाईला तर येणारच. काटा हलला नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी हँडल धरलं आणि काच खाली करायला लागले. बाहेरचं ऊन आणि बसचा धूर एकदम आत आला.

"आजी, प्लीज! धूर येतोय. सगळं कूलिंग चाललं बाहेर."

मला वाटलं, हे आता ओरडणार. गाडी गार असताना काच उघडलेली यांनी आजवर खपवून घेतलेली नाही. यांनी हात पुढे केला आणि एसीचं बटण बंद केलं.

"आजोबा? बिघडला का?"

"न्हाय," हे म्हणाले. "चांगला हाय." आणि आपल्या बाजूची काच खाली करायला लागले.